मुरूडची वाट

सोलापूरकरांस सह्याद्रीची ओळख पावसाच्या तुटवड्यावरूनच अधिक. पश्चिमेचे मेघ तो अडवितो. आमच्या वाट्यास उरलेसुरले थेंब येतात. यंदा मात्र कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून आम्ही सहकुटुंब दापोलीकडे गेलो.

प्रथम पन्हाळेकाजी पाहिली. कोटजाई नदीच्या काठी काळ्या कातळात २९ लेणी कोरलेली आहेत. आरंभी तेथे बौद्ध भिक्षू राहत. पुढे गाणपत्य व नाथपंथीय आले. आश्रम तोच, आश्रित बदलत गेले!

तेथून मुरूडच्या समुद्रतीरी आलो. समोर विस्तीर्ण वाळू, मागे नारळी-पोफळीच्या बागा. याच गावी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. १८७५ साली परीक्षेकरिता ते येथून साताऱ्यास, सुमारे ११० मैल, डोंगर ओलांडून पायी गेले. आणि वय सतराहून कमी दिसते म्हणून त्यांस परीक्षेस बसूच दिले नाही! तरीही १८८४ साली ते पदवीधर झाले, १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले, आणि १९५८ साली त्यांस भारतरत्न हा बहुमान लाभला.

आमची थोरली नात गणितात अनुत्तीर्ण झाल्यापासून पुस्तक मिटून बसली होती. उपदेश हा आमचा जुना व्यवसाय. परंतु त्या दिवशी आम्ही तो आवरला. कर्वे पुढे गणिताचेच अध्यापक झाले, एवढेच सांगितले. ती बराच वेळ पूर्वेकडील डोंगरांकडे पाहत उभी होती. रात्री मुक्कामी आपणहून म्हणाली, "आजोबा, उद्यापासून मला बीजगणित शिकवाल का?"