कळविणे आणि ठरविणे

२०२६ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. प्रायश्चित्तकाळ नुकताच सुरू झाला होता आणि तासगावच्या शिवारात द्राक्षांची तोडणी भरात आली होती. रविवारच्या मिस्सानंतर एक माता आमच्याकडे आली. तिचा मुलगा विमान चालविण्याचे शिक्षण घेतो. बागेच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढून वडिलांनी त्याला राज्यातीलच एका प्रशिक्षण संस्थेत घातले आहे. "फादर, तुम्ही त्याला माघारी बोलवा. तुमचा शबुद त्यो मोडायचा न्हाई," एवढेच ती बोलली आणि डोळ्यांना पदर लावून उभी राहिली.

तिच्या भीतीचे कारण वेगळे विचारण्याची गरज नव्हती. २८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी बारामतीच्या धावपट्टीजवळ विमान कोसळून राज्याचे उपमुख्यमंत्री अजित पवार आणि त्यांच्यासोबतचे चार जण मृत्युमुखी पडले होते. त्या दिवसापासून आपल्या भागातील घराघरांत तोच विषय होता. ज्या घरातला मुलगा स्वतः विमान चालवितो, त्या घरातील आईची झोप उडाली तर नवल ते काय? आम्ही तिला आठ दिवस थांबण्यास सांगितले. खरे सांगायचे तर, काय उत्तर द्यावे हे आम्हांस सुचले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात मुलगा सुटीवर आला. त्याला घेऊन आम्ही सांगली रस्त्याने कवलापूरला गेलो. तेथे जुन्या धावपट्टीची जागा आहे आणि तेथे विमानतळ व्हावा ही जिल्ह्याची जुनी मागणी आहे. त्या मोकळ्या माळावर उभे राहून आम्ही त्याला विचारले, "बाळ, खाली मनोरा नसेल, तर वर असलेल्या माणसाला कोण सांभाळते?"

त्याने जे सांगितले ते आमच्या दृष्टीने नवे होते. मोठ्या विमानतळांवर नियंत्रण मनोरा असतो. तेथील नियंत्रक 'उतरा' म्हणतो तेव्हाच उतरायचे, 'थांबा' म्हणतो तेव्हा थांबायचे. परंतु पुष्कळ लहान धावपट्ट्यांवर असा मनोरा नसतो. बारामतीची धावपट्टीही तेव्हा अशीच अनियंत्रित होती. अपघाताच्या दिवशी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या निवेदनानुसार, तेथे येणाऱ्या विमानांना वाहतुकीची माहिती प्रशिक्षण संस्थांमधील शिक्षक किंवा वैमानिक देत असत. त्या सकाळी वैमानिकांनी वारा आणि दृश्यमानता यांची चौकशी केली. वारा शांत आहे व दृश्यमानता सुमारे ३,००० मीटर आहे, असे त्यांना कळविण्यात आले. पहिल्या खेपेस धावपट्टी दिसत नसल्याने ते पुन्हा वर गेले. दुसऱ्या खेपेस तो अनर्थ घडला. त्याची कारणे सांगणे तपास करणाऱ्यांचे काम आहे, आमचे नव्हे.

मग त्या मुलाने खिशातून रुमाल काढला आणि दोन बोटांत धरून उंच केला. रुमाल पूर्वेकडे फडफडू लागला. "फादर, वारा पश्चिमेकडून येतोय. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. म्हणून खालचा माणूस आधी वारा सांगतो, मग त्या वाऱ्याला कोणती धावपट्टी सोयीची ते सांगतो." धावपट्टीला दिशेवरून अंक असतो, ११ म्हणजे ११० अंशांची दिशा, आणि तीच पट्टी उलट बाजूने धरली की २९. नंतर हवेचा दाब सांगतात. तो आकडा यंत्रात भरला नाही, तर उंची दाखविणारा काटा खोटे बोलतो. शेवटी आसपास कोणती विमाने असल्याचे कळले आहे, पट्टीवर काही अडथळा आहे का, हे सांगतात. एवढे झाले की सांगणाऱ्याचे काम संपते. उतरावे की न उतरावे, हे वैमानिकाने ठरवायचे.

या कामाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. अमेरिकेत टपाल खात्याने २० ऑगस्ट १९२० रोजी टपाल नेणाऱ्या विमानांसाठी रेडिओ केंद्रे उभारण्याचा आदेश काढला. तेथील उड्डाणसेवेचा आरंभ त्यातून झाला. अलास्कासारख्या विरळ वस्तीच्या प्रदेशात आजही उड्डाणसेवेचे विशेषज्ञ मनोरा नसलेल्या विमानतळांवर हीच सेवा देतात. वैमानिक सुमारे दहा मैलांवरून हाक देतो आणि विशेषज्ञ त्याला वारा, दाब, सोयीची धावपट्टी व ज्ञात वाहतूक कळवितो. 'उतरण्यास परवानगी आहे' हे शब्द मात्र तो स्वतःच्या अधिकारात उच्चारत नाही, कारण ती परवानगी देण्याचा अधिकारच त्याला नसतो. 'आकाश मोकळे आहे' असेही तो म्हणत नाही. 'मला कळलेले दुसरे विमान नाही' एवढेच म्हणतो. न कळलेले एखादे विमान, ज्यात रेडिओच नाही, ते तेथे असू शकते.

योगायोग असा, की त्याच १९२० सालच्या २४ मार्च रोजी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांच्या काळात लोरेटोच्या पवित्र मातेला वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित करण्यात आले. देवदूतांनी नाझरेथचे घर उचलून लोरेटोस आणले, या जुन्या श्रद्धेतून हे नाते जुळले. १० डिसेंबरला तिचा सण असतो. त्या मुलाच्या पाकिटात तिचे लहानसे चित्र होते. आईनेच ते ठेवले होते.

परतताना आमचे मन मात्र दुसरीकडेच गेले होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कुटुंबातील हुशार मुलाला आम्ही सेमिनरीत जाण्याचा सल्ला दिला. सल्ला कसला, ती आज्ञाच होती. त्याच्या मनात काय आहे हे आम्ही विचारले नाही, आणि आमच्या झग्याकडे पाहून त्यालाही 'नाही' म्हणवले नाही. दोन वर्षांनी तो खचून घरी परतला. ते दुःख सावरण्यास त्याला फार काळ लागला. आम्ही त्याला देवाची इच्छा सांगत होतो, असे आम्हांस वाटत होते. प्रत्यक्षात आम्हांस न दिसणारे आकाश मोकळे असल्याचा निर्वाळा आम्ही देऊन बसलो होतो.

आमच्या द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट धर्मगुरूंपेक्षा अधिक चांगली समजते. सल्लागार येऊन सांगतो, हवेत ओलावा वाढला आहे, दावण्याचा धोका आहे. औषध फवारायचे की नाही, हे मालक ठरवितो, कारण बाग त्याची आणि कर्जही त्याचे. पण म्हणून सल्लागाराची जबाबदारी हलकी होत नाही. चुकीचा वारा सांगितला, तर वैमानिक चुकीच्याच बाजूने उतरेल. ज्याला आज्ञा करण्याचा अधिकार नाही, त्याने तर अधिकच तोलून बोलले पाहिजे. पवित्र आत्म्याच्या सात दानांमध्ये सल्ल्याचे दान वेगळे सांगितले आहे, त्याचे मोल आम्हांस त्या माळावर नव्याने उमगले. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला जो मान दिला आहे, तो आम्ही सेमिनरीत शिकलो होतो खरा. पण दुसऱ्याच्या हातातील सुकाणू ओढण्याची आमची सवय त्याने मोडली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही त्या मुलाला आम्हांस ठाऊक होते तेवढेच सांगितले. "तुझी आई रात्र रात्र जागते. वडिलांवर कर्ज आहे, आणि ते तुझ्यावर राग धरून नाहीत. तुला हे काम आवडते, हे तुझ्या बोलण्यात दिसते. तू किती चांगला वैमानिक होशील, हे आम्हांस ठाऊक नाही. पट्टी दिसत नसताना परत वर जाण्यात कमीपणा नसतो. आणि शिक्षण सोडून घरी यावेसे वाटले, तर त्यातही नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, मी जातो. पण आईशी आधी मी स्वतः बोलतो."

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. "तुम्ही त्याला न्हाई अडवलं," ती म्हणाली. त्या शब्दांत राग होता, आणि तो आम्ही ऐकून घेतला. आम्ही तिला खोटा दिलासा दिला नाही. त्याला काही होणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही तिच्यासोबत पवित्र मातेपुढे गुडघे टेकले.

आता तो मुलगा प्रत्येक उड्डाणानंतर आईला एकच शब्द पाठवितो, 'उतरलो'. रविवारी मिस्साला येताना ती तो फोन आम्हांस दाखविते. त्या दिवसाबद्दल ती अजून काही बोललेली नाही. आम्हीही विचारलेले नाही.