'रॉड अंगाला मानवला नाही' म्हणजे नेमकं काय?

मुळशी तालुका म्हटला की लोकांना हिंजवडीच्या आयटी कंपन्या, लवासा आणि ताम्हिणीचा पाऊस आठवतो. आम्हाला आठवतो तो चांदणी चौकाकडून पौडकडे जाणारा रस्ता आणि शिफ्ट धरण्यासाठी त्यावरून मोटरसायकल हाणणारी आमची पोरं. पिरंगुट, उरवडे, घोटवडे भागातल्या कारखान्यांत यातली बरीचशी ठेकेदाराकडे आहेत. पावसात गाडी घसरते, नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर येतं. ऑपरेशन होतं, आत रॉड बसतो. नातेवाईक सुटलो म्हणतात. पण पुढचे हाल तिथूनच सुरू होतात, आणि त्याबद्दल आपल्या चळवळीत फारसं कुणी बोलत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका तरुणाचं असंच झालं. दोन महिने झाले तरी जखम भरेना. आधी नुसतं पाणी यायचं, मग पू. गोळ्या मिळायच्या, आठ दिवस पू थांबायचा, पुन्हा वाहायला लागायचा. असे नऊ महिने गेले. आईने बचत गटाचं कर्ज काढलं, ते संपलं. आणि शेवटी त्याला उत्तर काय मिळालं? "तुझ्या अंगाला रॉड मानवला नाही." वस्तीतल्या एका शहाण्याने तर 'बाहेरचं' आहे म्हणून कोंबडंही मागितलं!

मित्रांनो, हे वाक्य दिसतं तितकं साधं नाही. अंगाला मानवला नाही म्हणजे दोष कुणाचा? अंगाचा, म्हणजे त्या पोराचा. कर्मसिद्धांत दुसरं काय करतो? खरं तर स्टील किंवा टायटॅनियमचं वावडं असणारी माणसं फार थोडी. संसर्ग मात्र नेहमीचा, त्यातही उघड्या फ्रॅक्चरमध्ये, जिथे रस्त्यावरची माती थेट हाडाला लागते. आत शिरलेले जंतू धातूला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही. म्हणून गोळ्यांनी पू थांबतो, पण जंतू मरत नाहीत. उलट अर्धवट औषधांना ते सरावतात.

मग उपाय काय? जखम पुन्हा उघडायची. मेलेलं मांस आणि मेलेलं हाड काढून टाकायचं, भरपूर धुवायचं. आतल्या खोल भागातले किमान पाच वेगवेगळे तुकडे तपासणीला पाठवायचे. वरवरचा पू पुसून पाठवला तर कातडीवरचेच जंतू सापडतात. ताप चढलेला नसेल, रुग्ण स्थिर असेल, तर तपासणीआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवायला डॉक्टर सांगतात, नाहीतर जंतू अहवालात दिसतच नाहीत. (गोळ्या मनाने बंद करू नका, हे निर्णय डॉक्टरांचे.) संसर्ग ताजा असेल आणि रॉड घट्ट असेल तर हाड जुळेपर्यंत तो ठेवता येतो, तेव्हा औषध साधारण १२ आठवडे चालतं. रॉड काढला तर साधारण ६ आठवडे. मधलं हाड काढावं लागलं तर बाहेरून कड्या बसवून दिवसाला एक मिलिमीटर या गतीने हाड वाढवत नेतात. इलिझारोव्ह नावाच्या सोव्हिएत डॉक्टरची ही पद्धत. वेळखाऊ आहे, वेदनेची आहे, पण पाय वाचतो.

आमच्या पोराला नऊ महिन्यांत 'कल्चर रिपोर्ट' हा शब्द एकदाही ऐकायला मिळाला नव्हता. पुण्याच्या सरकारी रुग्णालयात नेल्यावर तो पहिल्यांदा ऐकला. म्हणून कार्यकर्त्यांना आमचं सांगणं आहे, दवाखान्यात फक्त बिल कमी करा म्हणून भांडू नका. तुकडे तपासले का, अहवालात कोणता जंतू आला, औषध त्याप्रमाणे बदललं का, हेही विचारा.

बाबासाहेबांचाही पाय मोडला होता. १९२९ साली चाळीसगावला. टांगेवाला महारांचा टांगा हाकायला तयार नव्हता, म्हणून आपल्यातल्याच एका नवख्या माणसाने तो हाकला आणि पुलावर बाबासाहेब खाली फेकले गेले. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं आहे. पडायची वेळ कुणावर येते हे समाजरचना ठरवते. पिरंगुटच्या घाटात रात्रपाळीला कोण जातं ते बघा.

त्याच बाबासाहेबांकडे १९४२ ते ४६ मजूर खातं होतं. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम त्याच काळात अडारकरांकडे दिलं गेलं, त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीनंतर कामावर जाता-येता झालेला अपघात, तो नोकरीशी जोडलेला असल्यास, कामावरचाच धरला जातो. पाय बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळू शकतो. आणि ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते. किती पोरांना हे माहीत आहे? ठेकेदाराला मात्र चांगलं माहीत असतं.

आमच्या पोराच्या पायात आता कड्या आहेत. आई रोज सकाळी पान्याने त्या फिरवते. त्याच्या अपघाताचा अर्ज आम्ही दाखल केला आहे. ठेकेदार म्हणतो, हजेरीपटावर नावच नाही. गेटवरच्या रजिस्टरच्या फोटोत मात्र त्याचं नाव आणि वेळ दिसते, आणि त्याच्या शिफ्टमधले दोघे जबाब द्यायला तयार झाले आहेत.