वाऱ्याला पाठ

‘वारा येईल तशी पाठ द्यावी’ ही म्हण आपण संधिसाधू माणसाला चिकटवून मोकळे होतो. पण भर समुद्रात शिडाच्या नावेत बसलेल्या माणसाचा जीवच त्या पाठीवर अवलंबून असतो!

‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नाव आपल्या मुंबईत बांधलेली. तिच्यातून १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज एकटाच, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. असे करणारा तो पहिला. दक्षिणेकडील महासागरात वादळ उठले, की तो शिडे उतरवी आणि नावेमागे लांबलचक दोर पाण्यात सोडी. दोरांच्या ओढीने नावेचा वेग आवरे. लाटेवरून घसरत जाऊन ती आडवी होण्याचे भय कमी होई.

फ्रेंच नाविक बर्नार म्वातेसिए याची ‘जोशुआ’ पोलादी. १९६५-६६ च्या सफरीत त्यानेही असेच दोर सोडले होते. पण जखडलेली नाव सुकाणूला दाद देईना. तेव्हा त्याने दोर चक्क कापून टाकले! मोकळी झालेली ‘जोशुआ’ लाटा किंचित तिरक्या घेत धावू लागली.

आम्हा मास्तरांना एकच उत्तर बरोबर हवे असते. इथे दोघेही तरले! पाठ दोघांनीही वाऱ्यालाच दिली. दोर ठेवावा की तोडावा, हे मात्र ज्याने त्याने आपल्या नावेचा स्वभाव ओळखून ठरवले. वारा सर्वांना दिसतो. आपली नाव ओळखायला मात्र तिच्यातून पुष्कळ दिवस प्रवास करावा लागतो.