आउती

कादंबरी लिहिणाऱ्याला आणि शाळामास्तराला एक खोड सारखीच असते. नाव कानी पडले की त्याचे कूळ विचारायचे. माझी ही खोड ठाऊक असलेल्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सोबतच्या खलाशाला झालेल्या मुलीचे नाव मुद्दाम कळवले : आउती. खलाशी किरिबातीचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या पूर्वीच्या गिल्बर्ट बेटांचा. मुलीचे तोंड त्याने अजून पाहिलेले नाही.

लिहायचे आउती, म्हणायचे आउस. त्या भाषेच्या रोमन लिपीत अक्षरे अवघी १३. त्यांत 'स' नाही. तो 'ती'ने भागवतात. 'गिल्बर्ट्स'चेच तिकडच्या जिभेवर 'किरिबास' झाले आणि १९७९ साली स्वतंत्र झालेल्या देशाने तेच नाव घेतले. 'आउस' म्हणताना मला आपल्या आऊसाहेब आठवल्या. पण ध्वनी जुळला म्हणून सोयरीक होत नाही!

सोयरीक आहे ती आकाशात. 'नेई' हे तिकडे बाईच्या नावाआधी लावतात, आणि नेई आउती म्हणजे आपल्या कृत्तिका. आपण त्यांना कार्तिकेयाच्या सहा आया केले, त्यांनी एकच बाई मानली. संध्याकाळी ती पूर्वेला वर आलेली दिसली की वादळी वाऱ्यांचा हंगाम सुरू. सहा महिन्यांनी तिच्या जागी रिमविमाता, आपला ज्येष्ठेचा तांबडा तारा, आला की समुद्र मोकळा.

ही विद्या मानेआबात, म्हणजे गावाच्या सभागृहात, शिकवीत. छपराचे वासे आणि त्यांवरच्या आडव्या काठ्या यांनी आखलेले चौकोन हेच आकाश. पोरांनी खाली बसून वर बघायचे आणि कोणता तारा कोणत्या चौकोनात, ते घोकायचे. आर्थर ग्रिंबल या इंग्रज अधिकाऱ्याने १९३१ साली हे छापून ठेवले. खडू नाही, फळा नाही. मला तर त्या गुरुजींचा हेवाच वाटतो.

ती बेटे समुद्राच्या पाण्यावर जेमतेम दोन-तीन मीटर उचललेली, आणि पाणी वर्षावर्षाला चढते आहे. जमिनीवरून ठेवलेल्या नावांचे पुढे काय होईल, कोण जाणे. या मुलीचे नाव मात्र बापाला कोणत्याही समुद्रातून, डेकवर उभे राहून, वाचता येते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री अवस असते. जेवणे आटोपली, फटाक्यांचा धूर निवला की अंगणात येऊन पूर्वेला बघा. द्राक्षांच्या लहानशा घडासारखी दिसते, ती आउती.