दासगावची नोंद

माणसांनी संपादित केलेली वेब-निर्देशिका म्हणजे संकेतस्थळांची अशी वर्गवार सूची, जिच्यातील प्रत्येक नोंद कोणीतरी ते स्थळ स्वतः उघडून पाहून, त्याचे दालन ठरवून आणि त्याखाली एक-दोन वाक्यांचे वर्णन लिहून दाखल केलेली असते. शोधयंत्र शब्द आणि दुवे मोजते व त्या मोजमापावरून क्रम लावते. निर्देशिकेत मात्र एखादे संकेतस्थळ कशाविषयी आहे आणि ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हा निर्णय वाचणाऱ्या माणसाचा असतो. अशा वाचकासमोर आपले स्थळ मांडणे हे लेखनाचेच एक कसब आहे, आणि ते नामांकित कंपनीपेक्षा महाड तालुक्यातील दासगावसारख्या गावाच्या बाबतीत अधिक कस लावणारे ठरते, कारण दूरच्या संपादकाने ते नाव पूर्वी ऐकलेले असण्याचा संभव फार थोडा असतो.

या पद्धतीचा सुवर्णकाळ तसा अल्पच होता. १९९४ मध्ये जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या दुव्यांची जी यादी केली तिचीच पुढे याहू ही निर्देशिका झाली. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी स्वयंसेवक संपादकांच्या बळावर चालणारी निर्देशिका सुरू केली, ती त्याच वर्षी नेटस्केपने घेतली आणि ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ किंवा ‘डीमॉझ’ या नावाने ती जगभर ओळखली गेली. भारतात राजेश जैन यांच्या मुंबईतील इंडियावर्ल्डने ‘खोज’ ही भारतीय संकेतस्थळांची निर्देशिका चालवली. १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना इंडियावर्ल्ड विकत घेण्याचा जो व्यवहार जाहीर केला त्यात ‘खोज’चाही समावेश होता. याहू व्यापारी संकेतस्थळांकडून २९९ डॉलर घेत असे, पण ते शुल्क तपासणीचे होते, प्रवेशाचे नव्हे. डीमॉझमध्ये नोंद विनामूल्य होती आणि तिथला सगळा साठा इतरांना वापरायला मोकळा असल्याने गूगलनेही काही वर्षे त्यावर आधारलेली आपली निर्देशिका चालवली. म्हणजे एका स्वयंसेवकाने लिहिलेले एक वाक्य कितीतरी ठिकाणी वाचले जाई. त्या एका वाक्यासाठी इतकी मेहनत का घेतली जात असे, याचे उत्तर इथे आहे.

मेहनतीचा पहिला भाग दालन निवडण्याचा असतो. दासगावची माहिती देणारे एखादे संकेतस्थळ कोणी तयार केले आहे असे मानले, तर ते इंग्रजीत असल्यास डीमॉझच्या प्रादेशिक शाखेत आशिया, भारत, महाराष्ट्र अशा पायऱ्या उतरत शक्य तितक्या जवळच्या गावापर्यंत जावे लागे आणि मराठीत असल्यास जागतिक भाषांच्या शाखेतील मराठीच्या दालनात. स्थळाचा आवाका जेवढा, तेवढ्याच आवाक्याचे दालन निवडायचे, हा इथला मूळ नियम होता. दासगावातील घरगुती निवासाची माहिती ‘भारत’ या दालनात पाठवणाऱ्याला वाटे की वरच्या पायरीवर अधिक लोक पाहतील. संपादकाला मात्र त्यातून एवढेच कळे की पाठवणाऱ्याने दालने वाचलेली नाहीत, आणि ती नोंद योग्य दालनाच्या प्रलंबित यादीत ढकलली जाऊन आणखी मागे पडे.

दालन गावापर्यंत नेतानाही या परिसरात पुरेसे खाचखळगे आहेत. रायगड हा किल्ला महाड तालुक्यात आहे आणि रायगड हा जिल्हाही आहे. जिल्ह्याला हे नाव १९८१ मध्ये मिळाले, त्यापूर्वीच्या कागदपत्रांत तो कुलाबा म्हणून येतो, आणि रोमन लिपीत त्याच्याशी जवळजवळ जुळणारा दुसरा जिल्हा छत्तीसगडमध्ये आहे. त्याहून अवघड गोष्ट महाडची. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे महड हे खालापूर तालुक्यातील, म्हणजे याच जिल्ह्यातील, वेगळे गाव आहे. देवनागरीत एका कान्याने ओळखू येणारा हा फरक रोमन अक्षरांत पुसला जातो. नुसते नाव जुळवणाऱ्या यंत्राने महाडच्या चवदार तळ्याची माहिती आणि वरदविनायकाची माहिती एका ढिगात टाकली तर त्याचा दोष नाही, परंतु नोंद पाठवणाऱ्याने तालुका, नदी आणि महामार्ग सांगितले की वाचणाऱ्या माणसाचा घोटाळा तिथल्या तिथे मिटतो. मुंबई-गोवा महामार्गावर, मुंबईकडून येताना महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या काठी, कोकण रेल्वेच्या वीर स्थानकाजवळ, एवढ्या चार खुणा दिल्यावर दासगाव दुसरे कोठे असू शकत नाही.

दुसरा भाग वर्णनाचा, आणि खरा कस तिथेच लागतो. निर्देशिकेतील वर्णन तृतीयपुरुषी, आटोपशीर आणि विशेषणांशिवाय असावे अशी अपेक्षा असे. त्यात गावाची थोरवी नव्हे, तर संकेतस्थळावर काय मिळते ते सांगायचे असते. ‘कोकणच्या कुशीत वसलेले स्वर्गीय सौंदर्याचे गाव, एकदा अवश्य भेट द्या’ हे वाक्य कोकणातील कोणत्याही गावाला चिकटवता येते, म्हणून ते दासगावविषयी काहीच सांगत नाही. याउलट ‘महाड तालुक्यातील सावित्रीकाठच्या गावाचा इतिहास, जुनी छायाचित्रे, सव येथील गरम पाण्याच्या झऱ्यांची आणि गांधारपाले लेण्यांची माहिती’ या वाक्यात प्रत्येक शब्द काम करतो आणि संपादकाला पडताळून पाहता येतो. येथे पडताळा हा कळीचा शब्द आहे. वर्णनात ‘जुनी छायाचित्रे’ असे म्हटले असेल आणि त्या पानावर ‘लवकरच येत आहे’ एवढीच पाटी असेल, तर नोंद नाकारली जाणे रास्तच होय; अपुरे स्थळ कधी पाठवू नये, या नियमामागे संपादकाच्या वेळेविषयीचा आदर आहे.

दासगावच्या बाबतीत वर्णन आणि दालन यांची गुंतागुंत इतिहासामुळे वाढते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात संमत झाला, आणि त्याच हक्कासाठी मार्च १९२७ मध्ये झालेल्या महाडच्या परिषदेच्या व चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या उभारणीत ज्यांनी पुढाकार घेतला ते रामचंद्र बाबाजी मोरे यांचे नाते याच दासगावशी होते. अशा माहितीचे संकेतस्थळ स्थानिक दालनात ठेवायचे की सामाजिक चळवळींच्या इतिहासाच्या दालनात, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, कारण पहिल्या ठिकाणी ते पर्यटकाला दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी अभ्यासकाला. डीमॉझमध्ये एका दालनातून दुसऱ्या दालनाकडे वळवणाऱ्या आडव्या दुव्यांची सोय होती, पण त्या सोयीचा निर्णयही संपादकाकडेच असे. प्रस्तुत लेखाचे मत असे की चळवळीची सामग्री मुख्य असेल तर इतिहासाचेच दालन मागावे, कारण मोऱ्यांचे कार्य सहलीच्या माहितीच्या तळाशी ढकलणे हा वर्गीकरणातला अन्याय ठरतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. त्या आपत्तीची नोंद करणाऱ्या पानांचेही असेच, त्यांची जागा आपत्तींच्या आणि भूस्खलनाच्या अभ्यासात आहे, गावाच्या कौतुकात नव्हे.

मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक अडसर होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वी बहुतेक मराठी पाने विशिष्ट फॉन्टवर अवलंबून असत. तो फॉन्ट ज्याच्या संगणकात नाही त्याला अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसे. संपादकाला वाचताच न येणारे स्थळ नोंदले जाणार कसे? या साध्या कारणाने कितीतरी चांगले मराठी लेखन सूचीबाहेर राहिले असावे. या दृष्टीने मजकूर युनिकोडमध्ये आणणे ही केवळ तांत्रिक सुधारणा नव्हती, ती नोंदीची पूर्वअट होती.

नोंद पाठवल्यावर थांबावे लागे, आणि किती थांबावे लागेल हे कोणी सांगू शकत नसे. तीच नोंद पुन्हापुन्हा पाठवण्याने काम पुढे सरकत नसे, उलट यादी वाढे. स्वयंसेवक असमान विखुरलेले होते. इंग्रजीच्या काही दालनांत अनेक संपादक, तर भारतीय भाषांच्या दालनांत मोजकेच. काही ठिकाणी संपादक स्वतःच्या धंद्याला झुकते माप देतात असे आक्षेपही घेतले गेले आणि ते सगळेच निराधार नसावेत. तरीही ज्याला आपल्या परिसराची खरी काळजी आहे त्याच्यापुढे एक सरळ वाट होती, ती म्हणजे स्वतः संपादक होण्यासाठी अर्ज करणे. अर्जात एखादे छोटे दालन निवडून त्यात बसतील अशी दोन-तीन संकेतस्थळे, त्यांच्या वर्णनांसह, सुचवावी लागत. महाड-पोलादपूर जाणणारा माणूस तान्हाजी मालुसऱ्यांच्या उमरठविषयीचे पान आणि महाडमधील एखाद्या शाळेचे पान वेगवेगळ्या दालनांत कोणत्या कारणाने ठेवतो, हे त्या अर्जातूनच उघड होई.

मार्च २०१७ मध्ये डीमॉझ बंद झाली; याहूची निर्देशिका २०१४ अखेर आधीच मिटली होती. डीमॉझच्या संपादकांनी ते काम ‘कर्ली’ या नावाने चालू ठेवले, आणि सरकारी संकेतस्थळांपुरती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राज्य-जिल्हावार निर्देशिका उपलब्ध आहे. स्थळांची पारखून केलेली सूची हा प्रकार या भूमीला नवा नाही. १८८३ मध्ये निघालेल्या कुलाबा-जंजिऱ्याच्या गॅझेटियरमध्येही महाडसारख्या गावांच्या नोंदी कोणीतरी माहिती मागवून, ती तपासून आणि थोड्या शब्दांत बसवून केल्या होत्या, आणि अभ्यासक आजही त्या उघडतात. छापील नोंद मात्र जागची हलत नाही. संकेतस्थळाच्या नावाचे भाडे एक वर्ष भरले नाही की त्याच पत्त्यावर भलत्याच व्यापाऱ्याचे पान उभे राहते, आणि निर्देशिकेत दासगावचे वर्णन तसेच राहते. म्हणून नोंद मिळवणाऱ्याने वर्षातून एकदा तरी आपल्या नोंदीवरून स्वतःच्या स्थळावर जाऊन पाहावे, पत्ता बदलला असल्यास संपादकाला कळवावे आणि स्थळ बंद करायचे ठरले असल्यास नोंद काढून टाकण्याची विनंतीही आपणच करावी.