चित्राची पाठ

दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत माझा फोन नेहमीपेक्षा जास्त वाजतो. गेल्या वर्षी दादरच्या हिंदू कॉलनीतून एका आजींचा आला. आवाज रडवेला होता. "मॅडम, मी काही वेडंवाकडं केलं नाही हो. नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं. फडक्याला निळा रंग आलाय."

संध्याकाळी गेले. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांनी जहांगीर कलादालनाच्या बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या एका तरुण चित्रकाराकडून घेतलेलं समुद्राचं चित्र. मध्यंतरी काच फुटली, ती पुन्हा बसवायची राहून गेली. चित्र म्हणजे तैलरंगच, या समजुतीनं आजींनी साफसफाईत त्यावरूनही हात फिरवला. आकाश उजवीकडे निम्मं पुसलं गेलं होतं. मी चित्र उलटं केलं. मागं फ्रेमवाल्याचा स्टिकर आणि पेन्सिलीनं लिहिलेली किंमत. रंग कोणता, कशावर काढलंय, याबद्दल अक्षर नाही. सहीवरून चित्रकाराचा पत्ता लागला नाही. उरलेला रंग मी जागच्या जागी पक्का केला. गेलेला निळा मात्र परत आणता आला नाही.

मी चित्रसंवर्धक आहे. आजारी चित्रं बरी करणं हे माझं काम, आणि माझी तपासणी पाठीमागून सुरू होते. स्ट्रेचरचं लाकूड, कॅनव्हासची वीण, झिरपलेलं तेल, बुरशीचे ठिपके, कसर लागल्याच्या खुणा. मग चित्र सरळ करून खोलीत अंधार करायचा आणि एका बाजूनं, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून दिवा धरायचा. या आडव्या उजेडात चित्राची जमीन दिसते: कुठे रंग उंच आहे, कुठे खरवडलाय, कुठे पोपडा सुटायला आलाय. जुन्या तैलचित्रावरची काजळी काढताना आम्ही कापसाच्या काडीला स्वतःची थुंकी लावतो. ऐकून लोक दचकतात. पण थुंकीतली पाचक द्रव्यं मळ सोडवतात आणि नीट वाळलेल्या तैलरंगाला सहसा धक्का लागत नाही. शंभर वर्षांच्या तैलचित्राचं वागणं मला बरंचसं आधी सांगता येतं. गेल्या साठ वर्षांत मुंबईत जी चित्रं झाली, त्यांच्यापुढे मात्र मला दर वेळी पहिल्या इयत्तेत बसावं लागतं. या चित्रकारांनी रंगाबरोबर रंग लावायची रीतही नव्यानं शोधली, आणि ती रीत त्यांच्या चित्राच्या अर्थाचाच भाग आहे.

ही गोष्ट सांगायला मला केमोल्ड गॅलरीइतकी सोयीची जागा दुसरी दिसत नाही. कारण ती फ्रेमच्या धंद्यातून जन्मली. केकू गांधी यांनी 1941 साली एका बेल्जियन भागीदाराबरोबर चित्रांच्या चौकटी बनवायचा कारखाना काढला. केमिकल मोल्डिंग, म्हणून केमोल्ड. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या त्यांच्या दुकानात चौकटी होत्या, पण रिकामी चौकट बघायला कोण थांबणार? मग काचेआड तरुण चित्रकारांची चित्रं लागू लागली. हेब्बर, आरा, हुसेन, रझा. तेव्हा मुंबईत नव्या चित्रकाराला भिंत मिळणं मुश्कील होतं. जहांगीर कलादालन उभं राहिलं ते 1952 मध्ये, आणि त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर 1963 साली केकू आणि खोरशेद गांधींनी केमोल्ड गॅलरी सुरू केली. जागा लहानशी होती. 1988 पासून त्यांची मुलगी शिरीन कारभार पाहू लागली आणि 2007 मध्ये गॅलरी फोर्टमध्ये प्रेस्कॉट रोडवर क्वीन्स मॅन्शनमध्ये गेली. चौकटी विकणाऱ्या घरानं पुढे जी चित्रं दाखवली, त्यांतली कितीतरी चौकटीत मावतच नाहीत.

रंग लावायच्या या नव्या रीतीची पहिली खूण मला वासुदेव गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर दिसते. गायतोंडे जे.जे. कला महाविद्यालयातून 1948 साली पदविका घेऊन बाहेर पडलेले. युरोपीय चित्रकार पॉल क्लीच्या वळणाच्या आकृत्या काढता काढता त्यांनी ब्रश बाजूला ठेवला आणि रोलर व पॅलेट नाइफ हाती घेतली. रंगाचा थर द्यायचा, रोलरनं पसरायचा, पातीनं काढून टाकायचा, पुन्हा द्यायचा. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे. कागदाबरोबर थोडा रंग निघून येतो आणि खालचा थर उघडा पडतो. त्यांचं एक चित्र आडव्या उजेडात पाहायची संधी मला मिळाली, ती संध्याकाळ मी विसरणार नाही. समोरून जे धुक्यासारखं सलग वाटत होतं, तिथे बाजूनं पाहिल्यावर कागदाच्या फाटक्या कडांच्या बारीक रेषा उठल्या होत्या. रोलर कुठे थांबला तेही कळत होतं. त्या चित्रात सैल असं काहीच नव्हतं. गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं का करत, हे मला तेव्हा समजलं. इतका रंग काढून टाकायचा तर आधी खूप विचार करावा लागतो. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्याच्या नावातच 'प्रोसेस' हा शब्द होता. अगदी नेमका शब्द.

प्रभाकर बरव्यांनी दुसरी वाट धरली. हार्डवेअरच्या दुकानात डब्यातून मिळतो तो इनॅमल, दारं-खिडक्यांना लावायचा रंग, त्यांनी कॅनव्हासवर आणला. इनॅमल आपणहून पसरतो, ब्रशचे ओरखडे गिळून टाकतो. त्यामुळे बरव्यांचं पान, घड्याळ, ढग कुणी हातानं काढलेत असं वाटतच नाही. ते त्या अवकाशात येऊन थांबलेत असं वाटतं. 'कोरा कॅनव्हास' हे बरव्यांचं पुस्तक 1990चं. ते वाचलेल्याला त्यांची ही निवड नवी वाटणार नाही. वस्तूला तिच्या नेहमीच्या अर्थापासून मोकळं करायचं तर चित्रकाराच्या हाताची खूण मध्ये यायला नको. माझ्या बाजूनं सांगायचं तर इनॅमल हा अवघड रुग्ण. जाड लागला तर वरून साय धरतो आणि आतून ओला राहतो, मग सुरकुततो. वयाबरोबर पिवळा पडतो, कडक होतो. कॅनव्हास मुंबईच्या पावसाळ्यात सैलावतो आणि हिवाळ्यात ताणला जातो, वरचा कडक रंग त्याच्याबरोबर हलत नाही. तिथे भेगा पडतात.

1970च्या दशकाच्या मध्यावर केमोल्डच्या भिंतींवर डहाणूजवळच्या कळंबीपाड्याची चित्रं लागली. जिव्या सोमा म्हसे यांची. वारली चित्रं तोवर झोपडीच्या आतल्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी, सवाशिणींच्या हातून निघत. शेणा-गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं पाड्यावर जाऊन कागद दिला आणि जिव्यांसारखा रोज चित्र काढणारा पुरुष पुढे आला. लहानपणी आई गेल्यावर ते बोलायचे थांबले होते, धुळीत रेघा काढून सांगत. कागदावर, कापडावर आल्यावरही त्यांनी शेणाची जमीन सोडली नाही. काडीच्या टोकाची रेघ सुरुवातीला जाड, शेवटी पातळ. मासेमाराच्या जाळ्यात अशा हजारो रेघा, आणि एकही दुसरीसारखी नाही. गॅलरीत त्याच वेळी लागणाऱ्या शहरी चित्रकारांच्या तंत्राला आपण 'प्रयोग' म्हणतो आणि जिव्यांच्या तंत्राला 'परंपरा'. मला हा भेद पटत नाही. भिंतीवरून कागदावर येताना जमीन कोणती घ्यायची, हा निर्णय त्यांनीही घेतला होता, आणि तो चित्रकाराचाच निर्णय होता. शेणाच्या जमिनीवर पाण्याचा थेंबही चालत नाही. तांदळाच्या पिठाला कसर लागते. अशा चित्रावर मी फक्त कोरडा, मऊ ब्रश चालवते, तोही श्वास रोखून.

चित्रकर्ती नलिनी मलानींचा स्टुडिओ मुंबईच्या लोहार चाळीत होता. तिथली बोळं, हमाल, फेरीवाले, ओझं वाहणाऱ्या बायका त्यांच्या चित्रांत आल्या त्या पारदर्शक पॉलिएस्टरच्या पत्र्यांवर. 1991 साली केमोल्डमध्ये हे पत्रे छतापासून टांगलेले होते. त्यांच्यामधून चालताना एका पत्र्यावरची बाई दुसऱ्या पत्र्यावरच्या गर्दीत मिसळते आणि आपणही त्या बोळात शिरतो. काचेवर मागच्या बाजूनं उलटं रंगवायची रीत त्यांनी चित्रकार भूपेन खखरांकडून घेतली. यात सगळा क्रम उलटा असतो. नेहमीच्या चित्रात जे शेवटी येतं, डोळ्यातली चमक किंवा ओठाची कड, ते इथे आधी. पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी. चुकलं तर वरून झाकता येत नाही, कारण पहिला फटकाराच प्रेक्षकासमोर असतो. ही जुनी रीत तंजावरात आणि इतरत्रही देवादिकांच्या तसबिरींसाठी चाले. मलानींनी ती बाईच्या दुखऱ्या इतिहासासाठी वापरली. संवर्धकाला भीती असते ती रंगाच्या पकडीची. काच असो की पॉलिएस्टर, रंगाला आत शिरायला जागा नसते, तो नुसता चिकटून राहतो. हवेतला दमटपणा मध्ये शिरला की पापुद्रा सुटतो.

आणि 1992 मध्ये याच गॅलरीत मलानींनी थेट भिंतींवर चित्रं काढली. 'सिटी ऑफ डिझायर्स'. राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याची भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नष्ट होत होती, तो सल या कामामागे होता. प्रदर्शन संपलं आणि सगळ्या भिंतींना पांढरा रंग देण्यात आला. विद्यार्थिदशेत याची चित्रफीत पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता. मी टिकवायला शिकत होते आणि इथे चित्रकर्ती स्वतःचं काम पुसू देत होती. आज मला ते वेगळं दिसतं. आपल्या देशात भिंतीवरचं चित्र रोज कुठेतरी पुसलं जातं आणि कुणाला कळत नाही. हे पुसलं जाणं तिनं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणलं.

अतुल डोडियांचं पहिलं प्रदर्शन केमोल्डमध्येच 1989 साली झालं. घाटकोपरला वाढलेल्या या चित्रकारानं पुढे दुकानाचं लोखंडी शटर कॅनव्हाससारखं वापरलं. 2002च्या 'महालक्ष्मी'त खाली ओढलेल्या शटरवर इनॅमलमध्ये रंगवलेली लक्ष्मी आहे, कॅलेंडरवर असते तशी. शटर वर सरकवलं की आतल्या कॅनव्हासवर हुंड्याच्या विवंचनेतून गळफास घेतलेल्या तीन बहिणी. शटरचा खडखडाट हाही त्या चित्राचा भाग. रोज सकाळी बाजारात आपण जो आवाज ऐकतो, त्याच आवाजानं ही गोष्ट उघडते. आता याला टिकवायचं कसं? शटर जितक्या वेळा उघडेल तितका रंग घासला जाणार. कायमचं बंद ठेवलं तर चित्र मुकं होणार. जितिश कलाट यांनी 2003 मध्ये 'पब्लिक नोटिस'मध्ये नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण ॲक्रिलिकच्या आरशांवर रबराच्या चिकटद्रव्यानं लिहिलं आणि अक्षरं पेटवली. जळक्या अक्षरांभोवती आरसा वितळून वाकडा झाला. वाचायला उभे राहिलो की त्यात आपला चेहरा मोडलेला दिसतो. दुसऱ्या कुठल्या कामात जळलेपणाला मी इजा म्हटलं असतं. इथे काजळीचा एक कणही पुसायचा हक्क मला नाही.

म्हणून मला चित्रकाराचा शब्द लागतो. ज्या चित्रकारांनी मला वेळ दिला, त्यांना मी एकच प्रश्न विचारते: या चित्राचं म्हातारपण तुम्हाला कसं चालेल? कुणी म्हणतं, पिवळं पडू दे. कुणी म्हणतं, गंज वाढायला नको, आहे तिथेच थांबव. ही उत्तरं चित्रकाराबरोबर जातात. गायतोंडे 2001 साली गेले, बरवे 1995 मध्ये, जिव्या म्हसे 2018 मध्ये. त्यांच्या रंगांबद्दल आता मला सूक्ष्मदर्शकाला विचारावं लागतं, आणि सूक्ष्मदर्शक फक्त द्रव्य सांगतो, इच्छा सांगत नाही.

चित्रकारांना माझी हात जोडून विनंती आहे. सही पुढे करता, तशी मागे चार ओळी लिहा: कशावर, कोणत्या रंगात, वर काही लावलंय का, आणि काय करू नये. गॅलऱ्यांनी बिलाबरोबर हा कागद द्यावा. चित्र घेणाऱ्यानं तो मागून घ्यावा. साडी घेताना आपण कशी धुवायची हे विचारतोच. आणि या दिवाळीत घर साफ करताना चित्रापाशी आलात, की ओलं फडकं खाली ठेवा. कोरड्या, मऊ ब्रशनं फक्त फ्रेम झाडा.

हिंदू कॉलनीतल्या आजींच्या चित्राला आता नवी काच आहे. मागं मी एक चिठ्ठी डकवली आहे: "पुठ्ठ्यावर पोस्टर रंग. वॉर्निश नाही. पाणी लावू नये." त्याखाली आजींनी स्वतःच्या अक्षरात यजमानांचं नाव आणि चित्र घेतल्याचं वर्ष लिहिलंय.