वऱ्हाड, दोन प्रकारे

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह ह्याच नगरीत लागतो. अशा गावी बसून मराठीतील एका जोडाक्षराविषयी संगणकाच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीत तक्रार लिहावी लागणे मौजेचे खरेच, पण उद्बोधकही आहे.

प्रश्न आडव्या अर्ध्या 'र'चा होता. त्याच्यावाचून आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसावे लागते. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दुसरी रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच. शोध घेणाऱ्या आज्ञावलीला मात्र ते निराळे शब्द वाटू शकतात. हस्तलिखितांतला पाठभेद निदान दिसतो तरी! माझ्या टिपणांत 'वऱ्हाड' शोधले, तर निम्मेच हाती लागले.

डेबियन ह्या मुक्त संगणकप्रणालीत दोष कळवण्यासाठी 'रिपोर्टबग' नावाची आज्ञावली आहे. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. आज्ञा टंकायची, की ती प्रश्न विचारू लागते. दोष कोणत्या पॅकेजात आहे? हाच दोष आधी कोणी नोंदवला आहे का? जुन्या नोंदी तीच समोर ठेवते. (आपल्या प्रबंधलेखकांनाही अशी सोय हवी होती.) मग चार गोष्टी लिहायच्या: परिस्थिती कशी उद्भवली, आपण नेमके काय केले, काय घडले आणि काय घडावे अशी अपेक्षा होती. शेवटच्या दोहोंची फारकत आपल्या समीक्षेत क्वचितच आढळते. कवितेत काय आहे हे सांगता सांगता काय असायला हवे होते, हे आपण केव्हा सांगू लागतो ते कळतही नाही.

अडले ते तीव्रतेपाशी. 'क्रिटिकल'पासून 'विशलिस्ट'पर्यंत सात पायऱ्या. 'मायनर' म्हणजे पॅकेजच्या उपयुक्ततेला बाधा न आणणारा दोष. कोणाच्या उपयुक्ततेला? यंत्र बंद पडत नाही, काही पुसले जात नाही. फक्त वऱ्हाडातल्या माणसाला वऱ्हाड सापडत नाही. 'इम्पॉर्टंट'च्या व्याख्येत मात्र, पॅकेज सर्वांसाठीच निरुपयोगी ठरले नसले तरी चालते. मी तीच पायरी निवडली.

दोष दुसऱ्याला आपल्या यंत्रावर घडवून पाहता यावा, म्हणून शेवटी 'वऱ्हाड' दोन्ही प्रकारे टंकून जोडले. खाली इंग्रजी अर्थ देणे भाग होते. तिथे प्रदेश लिहावा की लग्नाची मंडळी, ह्यातच बराच वेळ गेला.